आधी खेळू तर द्या

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये सामना शनिवारी असतो, पण ज्या संघाचा क्वार्टरबॅक जायबंदी आहे त्याचं तेरावं गुरुवारीच उरकून टाकतात. टीव्हीवर चार माणसं टाय लावून बसतात. त्यांतल्या दोघांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी स्वतः हेल्मेट चढवलेलं असतं, बाकीच्या दोघांचा खेळाशी संबंध घशापुरता. ही मंडळी गंभीर चेहऱ्याने जाहीर करतात की हा संघ संपला. का संपला? पहिल्या फळीतला पोरगा खेळणार नाही म्हणून. मग त्याच्या जागी कोण? आहे कुणीतरी एकोणीस वर्षांचा. त्याचं नाव घेताना अडखळतात, निकाल सांगताना मात्र जीभ सरसर चालते. ज्याला धड दहा मिनिटं खेळताना पाहिलेलं नाही त्याच्याविषयी एवढी छातीठोक खात्री येते कुठून?

मला या प्रकाराची चीड आहे आणि ती जुनी आहे. मी टॅलहासीला शिकलो, म्हणजे फ्लोरिडा स्टेटचा. डोक कॅम्बेल मैदानात सामन्याआधी संघाचं प्रतीक असलेला ओसिओला घोड्यावरून जळता भाला घेऊन येतो आणि मैदानाच्या मधोमध रोवतो, तेव्हा हजारो माणसं एका सुरात ओरडतात. महाराष्ट्रातून गेलेल्या विद्यार्थ्याला या खेळाचे नियम कळायला अख्खा हंगाम लागतो. वेड लागायला एक दुपार पुरते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: दर खेपेला चेंडू ज्याच्या हातात आधी येतो तो क्वार्टरबॅक. फेकायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा की स्वतः पळायचं, हे तो दोन-तीन सेकंदांत ठरवतो, आणि तेवढ्या वेळात सव्वाशे किलोचे गडी त्याला आडवं करायला धावत असतात. तो जायबंदी झाला की संघाचं नुकसान होतं. होतंच. ते नाकारणारा चाहता मला अजून भेटलेला नाही. पण खरा चाहता त्यानंतर हिशेब मांडायला बसतो. नवा मुलगा कच्चा आहे, तर लांबची फेक कमी होईल. चेंडू धावणाऱ्याकडे जास्त जाईल. तीन प्रयत्नांत दहा यार्ड जमले नाहीत तर लाथ मारून चेंडू लांब धाडायचा, प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच टोकाला कोंडायचं आणि उरलेलं काम बचाव फळीवर सोपवायचं. बचावाचे अकरा जण वेगळे असतात, त्यांचा क्वार्टरबॅकच्या घोट्याशी काहीएक संबंध नसतो, हे चाहत्याला ठाऊक असतं. टायवाल्यांनाही ठाऊक असतं. पण ‘बचाव फळी शाबूत आहे, सामना चुरशीचा होईल’ हे वाक्य विकलं जात नाही. ‘संघ संपला’ हे विकलं जातं.

२०२३चा हंगाम घ्या. ३ सप्टेंबरला ऑरलँडोत फ्लोरिडा स्टेटने एलएसयूला ४५-२४ असं झोडपलं. एलएसयूचा क्वार्टरबॅक होता जेडन डॅनियल्स. त्या वर्षीचा हाइझमन करंडक, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, पुढे त्यालाच मिळाला. त्याच महिन्यात क्लेमसनच्या घरात जाऊन जादा वेळेत ३१-२४. आमचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस. १८ नोव्हेंबरला घरच्या मैदानावर नॉर्थ अलाबामाविरुद्ध, पहिल्याच सत्रात, चेंडू घेऊन पळताना त्याला पाडलं आणि त्याचा पाय मोडला. त्याला गाडीवर घालून मैदानाबाहेर नेलं. सामना ५८-१३ असा जिंकला. पुढच्या शनिवारी गेन्सव्हिलला, हाडवैरी फ्लोरिडाविरुद्ध, दुसऱ्या क्रमांकाचा टेट रोडमेकर खेळला. २४-१५, जिंकलो. त्यात रोडमेकरच्या डोक्याला मार बसला आणि तोही बाद झाला. आता आमच्या एसीसी परिषदेच्या, म्हणजे विद्यापीठ-संघांच्या गटाच्या, अजिंक्यपदाच्या सामन्याला शार्लटमध्ये उतरणार कोण? तिसरा. ब्रॉक ग्लेन, पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, ज्याने कॉलेजात आल्यापासून एकाही सामन्याची सुरुवात केलेली नव्हती.

त्या आठवड्यात काय ऐकावं लागलं? हरतील, असं कुणी म्हटलं असतं तर मी समजू शकलो असतो. भाकीत करायला कुणाची मनाई नाही. पण चर्चा चालली होती ती वेगळीच: हे जिंकले तरी यांना राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या प्लेऑफमध्ये घ्यावं का? पुन्हा वाचा. जिंकले तरी. म्हणजे घोडामैदान समोर आहे, घोडं तयार आहे, आणि हे लोक म्हणतात की शर्यतीचा निकाल काहीही लागो, आम्ही घोड्याचे दात मोजून क्रमांक देऊ.

२ डिसेंबरला ग्लेनने फेकून जेमतेम ५५ यार्ड मिळवले. वाईट कामगिरी? वाईटच. पण लुईव्हिलला आम्ही गुण किती दिले? सहा. ब्रेडन फिस्क आणि त्याच्या साथीदारांनी लुईव्हिलच्या क्वार्टरबॅकला श्वास घेऊ दिला नाही. १६-६. चाहत्याने गुरुवारी मांडलेला हिशेब शनिवारी रात्री तंतोतंत वठला: चेंडू धावणाऱ्याकडे, लांब लाथा, भार बचाव फळीवर. तेरा सामने, तेरा विजय, परिषदेचं अजिंक्यपद. त्यांतले शेवटचे दोन पहिल्या क्वार्टरबॅकशिवाय, आणि शेवटचा तर दुसऱ्याशिवायही.

दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या ग्रेपव्हाइन गावी एका आलिशान हॉटेलात तेरा जणांच्या निवड समितीने चार संघ जाहीर केले: मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास, अलाबामा. फ्लोरिडा स्टेट पाचवं. टेक्सास आणि अलाबामा एकेक सामना हरलेले. आम्ही एकही नाही. चार संघांचं ते प्लेऑफ दहा हंगाम चाललं आणि मोठ्या पाच परिषदांपैकी एकीचा अजिंक्य विजेता त्यातून वगळला गेला तो फक्त या एकदा. अध्यक्ष होते बू कॉरिगन, आमच्याच परिषदेतल्या एनसी स्टेटचे क्रीडा संचालक. त्यांचं स्पष्टीकरण असं की ट्रॅव्हिसविना हा वेगळा संघ आहे. समितीच्या नियमावलीत तशी तरतूद आहे: महत्त्वाचे खेळाडू उपलब्ध नसतील तर तेही विचारात घ्यावं. आता सांगा, ज्या ‘वेगळ्या संघा’ने दोन आठवड्यांत फ्लोरिडा आणि लुईव्हिल या दोघांना हरवलं, त्याने आणखी काय करून दाखवायला हवं होतं? तुम्हाला शंका होती की ट्रॅव्हिसविना हे जिंकतील का. त्यांनी दोनदा जिंकून उत्तर दिलं. उत्तर हातात असताना पुन्हा शंकेलाच प्रमाण मानणं हा प्रमाणशास्त्रातला असा पराक्रम आहे की नैयायिकांनी पोथ्या गुंडाळून ठेवाव्यात.

आणि समितीचं स्वतःचं दप्तर काय सांगतं? २०१४, म्हणजे याच समितीचं पहिलं वर्ष. ओहायो स्टेटचा पहिला क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर ऑगस्टमध्येच खांद्याच्या दुखापतीने गेला. दुसरा जे. टी. बॅरेट २९ नोव्हेंबरला मिशिगनविरुद्ध घोटा मोडून गेला. तिसरा कार्डेल जोन्स. त्याने कारकिर्दीतला पहिलाच सामना सुरू केला तो परिषदेच्या अंतिम लढतीत, विस्कॉन्सिनविरुद्ध. ५९-०. समितीने ओहायो स्टेटला चौथा क्रमांक देऊन आत घेतलं. तिसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकसह! त्या पोराने १ जानेवारी २०१५ला पहिल्या क्रमांकाच्या अलाबामाला ४२-३५ हरवलं आणि १२ जानेवारीला ओरेगनला ४२-२० हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. ओरेगनचा क्वार्टरबॅक मार्कस मॅरिओटा त्या वर्षीचा हाइझमन विजेता होता. तीन सामने, तीन विजय, करंडक. समितीच्या जन्मवर्षीच तिला एवढा ढळढळीत धडा मिळाला, आणि नऊ वर्षांनी तिने तो कोरा करून ठेवला.

समर्थक म्हणतात, ५९-० आणि १६-६ यांत फरक आहे. आहे ना. एकात तुमची आक्रमक फळी जोरात होती, दुसऱ्यात बचाव फळी. हा खेळ गुण मिळवण्याचा आहे तसाच गुण न देण्याचाही आहे, हे पोराटोरांना कळतं. समितीला एकीकडून आलेले गुण दिसतात आणि दुसरीकडे अडवलेले दिसत नाहीत. मग डोळ्यांना भावणाऱ्या खेळाची गोष्ट निघते. काढूच. २५ नोव्हेंबरला अलाबामा ऑबर्नमध्ये हरत होतं. शेवटचा प्रयत्न, समोर ३१ यार्ड, घड्याळात मिनिटभरही नाही. जेलेन मिलरोने चेंडू कोपऱ्यात फेकला, तो झेलला गेला, २७-२४. अप्रतिम फेक होती, मी उभा राहून पाहिली. पण ज्या ऑबर्नविरुद्ध हा चमत्कार करावा लागला ते एकाच आठवड्यापूर्वी न्यू मेक्सिको स्टेटकडून स्वतःच्या घरात ३१-१० असा मार खाऊन बसलं होतं. आणि सप्टेंबरमध्ये टेक्सासने अलाबामाला टस्कलूसात येऊन ३४-२४ हरवलं होतंच. हे सगळं माफ. का? तर २ डिसेंबरला त्यांनी जॉर्जियाला २७-२४ हरवलं. मोठा विजय, निर्विवाद. तीन गुणांनी जिंकलेला मोठा विजय मोजायचा आणि दहा गुणांनी जिंकलेलं अजिंक्यपद मोजायचं नाही, याला निकष म्हणत असाल तर लहर कशाला म्हणता?

माझे काही मित्र म्हणतात, हा कट होता. वाहिन्यांचे करार, बड्या परिषदेची सत्ता वगैरे. मी नाही मानत. कट करायला योजना लागते, योजनेला सुसंगती लागते, आणि सुसंगती हाच तर या समितीचा दुष्काळ आहे. तेरा जणांना एका मोडलेल्या पायाची भीती वाटली, भीतीला त्यांनी तर्काचा कोट चढवला आणि कॅमेऱ्यासमोर उभं केलं. बस्स.

आता विरोधकांचा हुकमाचा एक्का. ३० डिसेंबरला मायामीजवळ ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला ६३-३ असं चिरडलं. बघा, म्हणाले, आम्ही सांगत नव्हतो? नाही, हे तुम्ही सांगत नव्हता. तुम्ही ट्रॅव्हिसविषयी सांगत होता. त्या दिवशी मैदानावर ट्रॅव्हिस तर नव्हताच, पण संघातले इतरही वीसहून जास्त जण नव्हते. कुणी एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीसाठी शरीर जपत होता, कुणी दुसऱ्या विद्यापीठाची वाट धरली होती. रोडमेकरही त्या वाटेवर होता. लुईव्हिलला सहा गुणांवर रोखणारी फळी त्या दिवशी पोशाखातच नव्हती. आधी संघाला सांगायचं की तुमच्या तेरा विजयांना किंमत नाही. मग त्यामुळे संघ विस्कटला की विस्कटलेल्या संघाच्या पराभवाला पुरावा म्हणून मिरवायचं. न्यायशास्त्रात याला हेत्वाभास म्हणतात, आमच्या गल्लीत याला चीटिंग म्हणतात. त्या सामन्यात न खेळणाऱ्यांचं मला कौतुक नाही. उतरायला हवं होतं असं माझं मत आहे. पण त्या पोरांच्या रुसव्यावरून ३ डिसेंबरचा निर्णय मागाहून शुद्ध करून घेता येत नाही.

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. जानेवारी २०२१, ब्रिस्बेन. बुमराह, शमी, जडेजा, अश्विन, विहारी, उमेश सगळे जायबंदी, कोहली घरी. कर्णधार आपला अजिंक्य रहाणे. भारत ४-० हरेल असं भाकीत मायकेल वॉनने करून ठेवलेलं. त्या गाबावर ऑस्ट्रेलिया १९८८पासून हरलं नव्हतं. आपल्या पालघरच्या शार्दूल ठाकूरने ६७ केल्या, पहिली कसोटी खेळणाऱ्या वॉशिंग्टन सुंदरने ६२, आणि १९ जानेवारीला भारताने ३२८ धावांचं लक्ष्य गाठून सामना आणि मालिका जिंकली. तिथे तेरा जण हॉटेलात बसले असते तर? ‘बुमराहविना हा वेगळा संघ आहे’ म्हणून चषक टिम पेनच्या घरी पोचवला असता. क्रिकेटमध्ये असा विचार मांडणाऱ्याला आपण दारातून हाकलू. अमेरिकेत त्याला अध्यक्ष करतात.

एवढं होऊन धोरण तरी कायम ठेवायचं! डिसेंबर २०२४. प्लेऑफ आता बारा संघांचं. परिषदेच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाच्या कार्सन बेकचं कोपर दुखावलं, उत्तरार्ध गनर स्टॉक्टन या राखीव क्वार्टरबॅकने सांभाळला, टेक्सासला जादा वेळेत २२-१९ हरवलं. समितीने जॉर्जियाला दुसरा क्रमांक दिला. योग्यच दिला, मैदानावर जिंकले होते. पण मग वर्षभरापूर्वी वेगळ्या संघाचा जो सिद्धांत होता तो कुठे गेला? जॉर्जियावाले पुढे उपांत्यपूर्व फेरीत नोत्र दामकडून २३-१० असे हरले, तेही मैदानावरच. हरायचं ते असं हरावं. त्यात कुणाची तक्रार नसते.

दुखापतीबद्दल या मंडळींचा दांभिकपणा इथेच संपत असता तर मी एवढी शाई खर्च केली नसती. २०१८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याची वाट राज्यांना मोकळी करून दिली. त्याआधी प्रशिक्षक खेळाडूचा गुडघा हे राष्ट्रीय गुपित असल्यासारखे वागत. विचारलं की विद्यार्थ्याच्या खासगीपणाचा कायदा पुढे करत. आता बिग टेन परिषद २०२३पासून आणि एसईसी परिषद २०२४पासून सामन्याआधी रीतसर यादी काढतात: कोण खेळणार, कोण नाही, कोण अनिश्चित. मी या यादीच्या विरोधात नाही. यादी नसेल तर आतली बातमी काढण्यासाठी सट्टेवाले पोरांच्याच मागे लागतात. पण खासगीपणाची ती सगळी तत्त्वं पैशाचा वास येताच वितळली, हे नोंदवून ठेवायला हवं.

आणि ज्याचा पाय मोडतो त्याला काय मिळतं? इतिहास ऐका. १९५५मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार लागून मेला. त्याच्या विधवेने कामगार म्हणून भरपाई मागितली. १९५७मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली: कॉलेज फुटबॉलचा धंदा करत नाही, असं कोर्टाचं म्हणणं. १९७४मध्ये टीसीयू विद्यापीठाचा केंट वॉल्ड्रेप अलाबामाविरुद्धच्या सामन्यात मानेला इजा होऊन अपंग झाला. अनेक वर्षांनी तो भरपाईसाठी लढला आणि २०००मध्ये टेक्सासच्या अपील न्यायालयात हरला. आणि धंदा न करणाऱ्या याच क्षेत्रात १२ नोव्हेंबर २०२३ला, ट्रॅव्हिसचा पाय मोडण्याच्या बरोबर सहा दिवस आधी, टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने जिंबो फिशर या प्रशिक्षकाला काढून टाकलं आणि यापुढे प्रशिक्षण न देण्याबद्दल साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणं मान्य केलं. मैदानावरच्या दुखापतीसाठी कॉलेज सोडल्यावर दोन वर्षांपर्यंत वैद्यकीय विमा मिळण्याची राष्ट्रीय तरतूद लागू व्हायला मात्र २०२४चा ऑगस्ट उजाडावा लागला. फिशरला न शिकवण्याचे पैसे, आणि डेनिसनच्या बायकोला कायद्याचा अर्थ.

म्हणून जायबंदी खेळाडूंच्या यादीकडे बघून जो संघाचा निकाल लावतो त्याचा मला राग येतो. तो दोघांचा अपमान करतो. जो उतरणार आहे त्याला सांगतो की तुझ्या खेळाला अर्थ नाही. आणि जो कुबड्यांवर आहे त्याला सांगतो की तुझ्या साथीदारांचं वाटोळं तुझ्यामुळे झालं. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. ३ डिसेंबरला निवड जाहीर झाल्यावर जॉर्डन ट्रॅव्हिसने जाहीरपणे लिहिलं की माझा पाय हंगामात आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, म्हणजे हा संघ एका क्वार्टरबॅकपुरता नाही हे तुम्हाला दिसलं असतं. आणि त्याने माफी मागितली. त्याने!

हिशेब त्याचा अचूक होता, हे सगळ्यांत वाईट. त्याच वर्षी टेक्सासचा क्विन एवर्स ऐन हंगामात खांदा दुखावून बसला होता. मालिक मर्फी या राखीव क्वार्टरबॅकने दोन सामने काढले, दोन्ही जिंकले, आणि टेक्सास आत गेलं. एवर्स परतला म्हणून राखीव गड्याचे ते दोन विजय टेक्सासच्या खात्यात जमा झाले. ट्रॅव्हिस परतणार नव्हता म्हणून रोडमेकर आणि ग्लेनचे दोन विजय आमच्या नावावर खर्ची पडले. हाड कोणत्या महिन्यात मोडतं यावर अजिंक्यपदाची दारं उघडतात, हे बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला रुग्णशय्येवर कळलं आणि तेरा प्रौढांना हॉटेलात कळलं नाही.

पुढच्या शनिवारी तुमच्या संघाचे मोहरे जायबंदी असतील, तर टीव्हीचा आवाज बंद करा आणि राखीव गड्याचं नाव नीट पाठ करा. तो हरला तर हरला म्हणा. जिंकला तर जिंकला म्हणा. ट्रॅव्हिसला २०२४मध्ये न्यूयॉर्क जेट्सने पाचव्या फेरीत निवडलं. पाय बरा झाला नाही. एप्रिल २०२५मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. एनएफएलचा एकही सामना तो खेळू शकला नाही.